मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधण्याचा योग्य क्रम : ठाणे, ऐरोली, नेरुळ आणि बेलापूर यांच्या पिनकोडांसह

सहा किंवा त्याहून अधिक अंकांची संख्या देऊन ‘हिचे गणिती गुणधर्म लिहा’ असे सांगितले, की बहुतेक विद्यार्थी अंकांच्या बेरजेपासून सुरुवात करतात, मग सुचतील तसे विभाजक लिहीत जातात आणि वेळ उरलाच तर शेवटी मूळ अवयव पाडतात. ठाण्यात अशा वह्या तपासताना मला जवळजवळ प्रत्येक चूक या उलट्या क्रमातून आलेली दिसते. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, ती दोन वर्गांची बेरीज होईल का, या सर्व प्रश्नांची उत्तरे मूळ अवयवांच्या मांडणीतून थेट वाचता येतात. म्हणून आधी मूळ अवयव पूर्णपणे पाडावेत, मग ते तपासावेत, आणि त्यानंतरच इतर गुणधर्मांना हात घालावा.

उदाहरणांसाठी मी आपल्या भागातील चार पिनकोड घेतले आहेत : ऐरोली ४००७०८, नेरुळ ४००७०६, सीबीडी बेलापूर ४००६१४ आणि ठाणे ४००६०१. पिनकोड ही टपाल वाटपासाठी दिलेली खूण आहे. ती कोणत्याही वस्तूची मोजणी नाही, त्यामुळे पुढे येणारे गुणधर्म संख्येचे आहेत, गावाचे नाहीत. तरीही या संख्या पाठ असतात, आकाराने हाताने सोडवण्याजोग्या असतात, आणि या चौघींचे स्वभाव एकमेकींपासून अगदी वेगळे आहेत.

टप्पा १ : तयारी

१०० पर्यंतच्या २५ मूळ संख्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात : २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१, ६७, ७१, ७३, ७९, ८३, ८९, ९७. या यादीत ५१, ५७, ८७ आणि ९१ चुकून शिरतात. ५१ = ३ × १७, ५७ = ३ × १९, ८७ = ३ × २९ आणि ९१ = ७ × १३ असल्याने त्या मूळ नाहीत. १ ही संख्या मूळ नाही आणि संयुक्तही नाही. तिला अवयवांच्या गुणाकारात लिहिले की पुढची विभाजकांची मोजणी बिघडते.

पानावर तीन स्तंभ आखावेत. पहिल्यात ज्याने भागले ती संख्या, दुसऱ्यात भागाकार, तिसऱ्यात बाकी. ‘भाग जात नाही’ एवढेच लिहून पुढे जाणे ही वाईट सवय आहे. बाकी लिहिलेली असेल तर तीच पुढे पडताळणीला उपयोगी पडते, आणि दुसऱ्या व्यक्तीला तुमचे काम तपासता येते.

संख्या लिहिताना स्वल्पविराम आपल्या पद्धतीने द्यावेत : ४,००,७०८. मोबाइलवरील कॅल्क्युलेटर पुष्कळदा दर तीन अंकांवर स्वल्पविराम देतो आणि तो तसाच उतरवला की लाख आणि दशलक्ष यांची गफलत होते. मात्र ७, ११ आणि १३ यांच्या कसोटीसाठी तीन-तीन अंकांचे गट लागतात. ते गट वेगळ्या ओळीत लिहावेत.

तपासा : दिलेली संख्या उतरवून घेताना एकही अंक बदललेला नाही ना? उजवीकडून डावीकडे एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

टप्पा २ : झटपट कसोट्या, बाकीसह

ऐरोलीची संख्या ४००७०८ घेऊ. शेवटचे दोन अंक ०८ आहेत, म्हणून ४ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ७०८ आहेत आणि ७०८ ला ८ ने भागल्यास बाकी ४ उरते, म्हणून ८ ने भाग जात नाही. शेवटचा अंक ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद. अंकांची बेरीज १९ येते, त्यामुळे ३ ने आणि ९ ने भागल्यास दोन्ही वेळा बाकी १.

११ ची कसोटी नेहमी उजवीकडून सुरू करावी : ८ − ० + ७ − ० + ० − ४ = ११, म्हणून भाग जातो. डावीकडून सुरू केले तरी भाग जातो की नाही हे बरोबरच कळते, पण अंकांची संख्या सम असेल तर चिन्ह उलटते आणि बाकी चुकते. ४००६०१ साठी उजवीकडून ३ येतात आणि ३ हीच खरी बाकी आहे. डावीकडून −३ येतात, म्हणजे बाकी ८ असल्याचा भास होतो. तिसऱ्या स्तंभात बाकी लिहायची असल्याने हा फरक महत्त्वाचा ठरतो.

७, ११ आणि १३ यांची एकत्र कसोटी सर्वांत कमी वापरली जाते, आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे, उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करून ते आळीपाळीने अधिक आणि वजा केले तर या तिन्ही संख्यांनी भागल्यावर उरणारी बाकी तीच राहते. ४००७०८ साठी ७०८ − ४०० = ३०८. आता ३०८ = ७ × ४४ आणि ३०८ = ११ × २८, तर १३ ने भागल्यास बाकी ९. सहा अंकी भागाकार न करता तीन उत्तरे मिळाली.

याच जातीची आणखी एक सोय ३७ साठी आहे. २७ × ३७ = ९९९ असल्याने तीन अंकांच्या गटांची केवळ बेरीज करावी. ४००६०१ साठी ४०० + ६०१ = १००१, आणि पुन्हा १ + १ = २, म्हणून ३७ ने भागल्यास बाकी २. १०१ साठी दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने घ्यावेत : १ − ६ + ४० = ३५, म्हणून बाकी ३५.

सावधान : ‘२ ने आणि ४ ने भाग जातो, म्हणून ८ ने जातो’ हे विधान चुकीचे आहे. कसोट्यांचा असा गुणाकार त्या दोन संख्या सहमूळ असतील, म्हणजे १ खेरीज त्यांचा सामाईक विभाजक नसेल, तरच चालतो. ३ आणि ४ यांवरून १२ ठरवता येते, २ आणि ४ यांवरून ८ ठरवता येत नाही.

टप्पा ३ : मूळ अवयव, आणि उतरत जाणारी मर्यादा

संख्येला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावे, हे सर्वांना पाठ असते. मात्र एक अवयव सापडल्यानंतर मर्यादा नव्याने काढायची असते, हे फार थोडे जण करतात. ४००७०८ चे वर्गमूळ ६३३ च्या आसपास आहे, आणि पुष्कळ विद्यार्थी अवयव सापडल्यानंतरही ६३३ पर्यंत भागत राहतात. प्रत्यक्षात काम असे उतरते :

४००७०८ ÷ ४ = १००१७७, नवी मर्यादा ३१६.
१००१७७ ÷ ७ = १४३११, नवी मर्यादा ११९.
१४३११ ÷ ११ = १३०१, नवी मर्यादा ३६.

३६ × ३६ = १२९६ आणि ३७ × ३७ = १३६९ असल्याने १३०१ ला ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनीच तपासायचे आहे. २, ३ आणि ५ लगेच बाद होतात. पुढे ७ ने बाकी ६, ११ ने ३, १३ ने १, १७ ने ९, १९ ने ९, २३ ने १३, २९ ने २५, ३१ ने ३०. एकदाही शून्य नाही, म्हणून १३०१ मूळ आहे.

४००७०८ = २² × ७ × ११ × १३०१

सापडलेल्या अवयवाने पुन्हा भागून पाहायला विसरू नये. १४३११ ला ७ ने पुन्हा भाग जातो का, १३०१ ला ११ ने पुन्हा जातो का, हे पाहिल्याशिवाय घातांक ठरत नाही. घातांक चुकला की पुढचे प्रत्येक उत्तर चुकते.

नेरुळची संख्या याच रीतीने करून पाहावी. ४००७०६ = २ × २००३५३. पुढे ३ पासून १९ पर्यंत काहीच लागत नाही, आणि २३ ला २००३५३ = २३ × ८७११ असे यश येते. येथे अनेक जण ८७११ ला मूळ समजून थांबतात, कारण ती संख्या दिसायला तशी वाटते. नवी मर्यादा ९३ आहे आणि ३१ लाच भाग जातो : ८७११ = ३१ × २८१. म्हणून ४००७०६ = २ × २३ × ३१ × २८१. संख्या मूळ आहे की नाही हे दिसण्यावरून ठरवू नये.

टप्पा ४ : पडताळणी

पुढे जाण्याआधी अवयवांचा गुणाकार करून दिलेली संख्या परत मिळते का, हे पाहिलेच पाहिजे. पूर्ण गुणाकारासोबत बाकीची कसोटी लावली तर चूक निसटण्याची शक्यता कमी होते.

९ ची कसोटी अशी : ४००७०८ ची अंकबेरीज १९, मग १०, मग १. अवयवांकडून ४ × ७ = २८, म्हणजे १; १ × ११, म्हणजे २; आणि १३०१ ची अंकबेरीज ५, म्हणून २ × ५ = १०, म्हणजे पुन्हा १. दोन्ही बाजू जुळल्या.

सावधान : ही कसोटी अंकांची अदलाबदल पकडत नाही. कोणी १३०१ च्या जागी १०३१ लिहिले तर अंकबेरीज ५ च राहते आणि चूक निसटते. अशा वेळी ११ ची कसोटी सहसा कामी येते, पण येथे ११ हा स्वतःच अवयव असल्याने दोन्ही बाजूंना शून्यच येणार आणि काहीही सिद्ध होणार नाही. म्हणून येथे १३ घ्यावा. ४००७०८ ची बाकी ९ हे आपण दुसऱ्या टप्प्यात लिहून ठेवले आहे. १३०१ ची १३ ने बाकी १ आणि ३०८ ची ९, गुणाकार ९, जुळते. १०३१ ची बाकी ४ असल्याने गुणाकार ३६ आणि त्याची बाकी १० आली असती, आणि चूक उघडी पडली असती. पडताळणीसाठी नेहमी अवयव नसलेली संख्या निवडावी.

टप्पा ५ : विभाजक, त्यांची मोजणी आणि बेरीज

विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा. ४००७०८ साठी घातांक २, १, १, १ आहेत, म्हणून ३ × २ × २ × २ = २४ विभाजक. घातांक १ असलेले अवयव मोजायचे राहून जाणे आणि घातांकांत १ न मिळवताच गुणणे, या दोन चुका वारंवार दिसतात.

यादी करताना सुचेल तसे लिहू नये. आधी सर्वांत मोठा मूळ अवयव बाजूला ठेवावा आणि उरलेल्या ३०८ चे विभाजक लिहावेत : १, २, ४, ७, ११, १४, २२, २८, ४४, ७७, १५४, ३०८. हे १२ झाले. आता प्रत्येकाला १३०१ ने गुणावे : १३०१, २६०२, ५२०४, ९१०७, १४३११, १८२१४, २८६२२, ३६४२८, ५७२४४, १००१७७, २००३५४, ४००७०८. एकूण २४.

तपासा : पहिला आणि शेवटचा, दुसरा आणि शेवटून दुसरा, अशा प्रत्येक जोडीचा गुणाकार ४००७०८ आला पाहिजे. ३०८ × १३०१ ही मधली जोडी आहे.

बेरजेसाठी २४ संख्या एकाखाली एक मांडण्याची गरज नाही. प्रत्येक मूळ अवयवासाठी १ पासून त्याच्या घातांकापर्यंतच्या घातांची बेरीज घ्यावी आणि त्यांचा गुणाकार करावा :

(१ + २ + ४) × (१ + ७) × (१ + ११) × (१ + १३०१) = ७ × ८ × १२ × १३०२ = ८७४९४४.

यातून संख्या स्वतः वजा केली की ४७४२३६ उरतात. ही बेरीज ४००७०८ पेक्षा मोठी आहे, म्हणून ऐरोलीची संख्या विपुल ठरते. स्वतः सोडून इतर विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा लहान असेल तर ती न्यून, आणि नेमकी समान असेल तर परिपूर्ण. ६ आणि २८ या परिपूर्ण आहेत. येथे संख्या स्वतः वजा करायला विसरणे ही मोठी चूक आहे, कारण तसे केल्यास १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुल वाटू लागेल.

नेरुळच्या ४००७०६ साठी ३ × २४ × ३२ × २८२ = ६४९७२८, आणि वजाबाकीनंतर २४९०२२. म्हणजे ती न्यून आहे. सम संख्या विपुलच असतात असा एक समज आढळतो, त्याला हे चांगले उत्तर आहे. याउलट बेलापूरची ४००६१४ ही ६ च्या पटीत असल्यामुळे गणित न करताच विपुल म्हणता येते, कारण ६ पेक्षा मोठी ६ ची प्रत्येक पट विपुल असते. खात्रीसाठी : ४००६१४ = २ × ३ × २३ × २९०३, बेरीज ३ × ४ × २४ × २९०४ = ८३६३५२, आणि वजाबाकीनंतर ४३५७३८.

संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती, हाही प्रश्न येथेच सुटतो. प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक एकने कमी करून त्याला ‘अवयव उणे १’ ने गुणावे. ४००७०८ साठी २ × ६ × १० × १३०० = १५६०००. येथे २² साठी ३ लिहिण्याची चूक होते. २² चा वाटा २ × (२ − १) = २ आहे.

टप्पा ६ : वर्ग, दोन वर्गांची बेरीज आणि द्विमान रूप

पूर्ण वर्ग संख्येच्या एककस्थानी २, ३, ७ किंवा ८ कधीच येत नाहीत, म्हणून ४००७०८ पूर्ण वर्ग नाही. अंकबेरीज एकअंकी होईपर्यंत केली तर पूर्ण वर्गासाठी १, ४, ७ किंवा ९ हेच अंक येतात. ४००६०१ साठी ११ आणि मग २ येतात, म्हणून तीही बाद. या कसोट्यांनी संख्या फक्त नाकारता येते, स्वीकारता येत नाही. पूर्ण वर्ग असल्याचे सांगायचे तर सर्व घातांक सम असले पाहिजेत. ४००७०८ ला पूर्ण वर्ग करण्यासाठी सर्वांत लहान गुणक ७ × ११ × १३०१ = १००१७७ आहे.

संख्या दोन वर्गांची बेरीज होते का, हे ठरवण्यासाठी ४ ने भागल्यास बाकी ३ उरते असे मूळ अवयव पाहावेत. त्यांपैकी एकाचाही घातांक विषम असेल तर उत्तर ‘नाही’. ऐरोलीच्या संख्येत ७ आणि ११ असे आहेत, नेरुळच्या संख्येत २३ आणि ३१, म्हणून दोन्ही बाद. एकटा १३०१ मात्र २५² + २६² असा सुंदर लिहिता येतो.

द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) रूपासाठी आधी १६ ने वारंवार भागावे, कारण टप्पे कमी होतात. ४००७०८ साठी बाक्या क्रमाने ४, ४, १३, १, ६ येतात. त्या शेवटून पहिल्याकडे वाचून प्रत्येकीचे चार द्विमान अंक लिहावेत : ११० ०००१ ११०१ ०१०० ०१००. पहिला गट सोडून प्रत्येक गटात चार अंक हवेतच. १ ऐवजी ०००१ न लिहिल्यास संख्याच बदलते. शेवटी दोन शून्ये आहेत, म्हणजे २ चा घातांक २, आणि हे तिसऱ्या टप्प्याशी जुळते.

टप्पा ७ : अवयव सापडतच नाही तेव्हा

आता ठाण्याची संख्या, ४००६०१. तिचे वर्गमूळ ६३२ आणि ६३३ यांच्या दरम्यान आहे, आणि ६३२ पर्यंत ११५ मूळ संख्या आहेत. शंभरापर्यंत भागून ‘मूळ असावी’ असे लिहून थांबणे मान्य करता येत नाही. ६३१ पर्यंत प्रत्येक मूळ संख्येची बाकी लिहिली पाहिजे. विशेष लक्ष जवळून निसटणाऱ्या संख्यांकडे द्यावे : ३७३ × १०७४ = ४००६०२, ३७९ × १०५७ = ४००६०३, ४०१ × ९९९ = ४००५९९. घाईत येथे भाग गेल्याचा भास होतो. सर्व ११५ भागाकार केले तरी शून्य बाकी येत नाही. ४००६०१ ही मूळ संख्या आहे.

एवढ्या भागाकारांवर विसंबण्यापेक्षा दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने खात्री करणे मला आवश्यक वाटते. गणितज्ञ ऑयलरच्या नावाने ओळखला जाणारा एक निकाल येथे लागू पडतो : ४ ने भागल्यास बाकी १ देणारी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येत असेल आणि त्या दोन संख्या सहमूळ असतील, तर ती मूळ असते. शेवटच्या तीन अंकांच्या ६०१ ला ८ ने भागल्यास बाकी १, म्हणजे ४ नेही १, म्हणून ही रीत वापरता येते.

शोध सुरू करण्यापूर्वी तो अरुंद करावा. ३ ने भागल्यास बाकी २ आहे, आणि वर्गाची ३ ने बाकी ० किंवा १ च असते, म्हणून दोन्ही संख्यांपैकी एकही ३ च्या पटीत नाही. ५ ने बाकी १ आहे, आणि वर्गांच्या बाक्या ०, १, ४ एवढ्याच असतात, म्हणून दोहोंपैकी नेमकी एक ५ च्या पटीत असते. ८ ने बाकी १ असल्याने सम संख्या ४ च्या पटीत हवी. १६ ने बाकी ९ असल्याने विषम संख्येला ८ ने भागल्यास बाकी ३ किंवा ५ हवी.

यातून दोनच शक्यता उरतात. सम संख्या ५ च्या पटीत असेल तर ती २० ची पट आहे, आणि ३ च्या पटी वगळता २१ प्रयत्न होतात. विषम संख्या ५ च्या पटीत असेल तर ५, ३५, ८५, ११५, १२५ अशी ६०५ पर्यंत २१ नावे उरतात. एकूण ४२ प्रयत्न. प्रत्येक वेळी वर्ग वजा करून उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का, एवढेच पाहायचे. पहिल्या गटात काहीच मिळत नाही. दुसऱ्या गटात ३५५ ला यश येते :

३५५² + ५२४² = १२६०२५ + २७४५७६ = ४००६०१.

सावधान : येथेच थांबण्याचा मोह होतो. एक जोडी सापडल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण संयुक्त संख्यांनाही जोड्या असतात; ६५ = १² + ८² = ४² + ७². उरलेले सर्व प्रयत्न पूर्ण करून दुसरी जोडी नाही हे दाखवावे लागते. ते केले असता दुसरी जोडी निघत नाही. ३५५ = ५ × ७१ आणि ५२४ = ४ × १३१ असल्याने त्या सहमूळही आहेत.

‘२ चा (संख्या उणे १) हा घात घेऊन त्या संख्येने भागल्यास बाकी १ आली, म्हणून मूळ’ असा निष्कर्षही काही जण काढतात. ३४१ ही संख्या ही परीक्षा पार करते आणि तरीही ३४१ = ११ × ३१ आहे. बाकी १ आली नाही तर २ पेक्षा मोठी संख्या नक्की संयुक्त, एवढेच त्यातून कळते.

टप्पा ८ : शेजारच्या संख्येची मदत

दोन मोठ्या संख्या हाताशी असतील तर त्यांचे अवयव वेगवेगळे पाडण्याआधी मसावि काढावा. नेरुळ आणि बेलापूर यांच्या संख्यांतील फरक ४००७०६ − ४००६१४ = ९२. दोन्ही संख्यांना भागणारी प्रत्येक संख्या ९२ लाही भागलीच पाहिजे, आणि ९२ = ४ × २३. दोन्ही संख्यांना ४ ने भाग जात नाही, २ ने जातो. २३ ने दोन्हींना जातो. म्हणून मसावि ४६. एका वजाबाकीने २३ हा अवयव दोन्हीकडे हाती आला, जो भागत जाऊन मिळवायला पुष्कळ वेळ लागला असता.

४००६१४ = ४६ × ८७०९, ४००७०६ = ४६ × ८७११.

लसाविसाठी दोन्ही संख्यांचा गुणाकार करून मग ४६ ने भागू नये. कॅल्क्युलेटरची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एका संख्येला आधीच भागून घ्यावे : ४००६१४ × ८७११ = ३,४८,९७,४८,५५४. तपासण्यासाठी ४००७०६ × ८७०९ करावे. उत्तर तेच येते.

टप्पा ९ : आठ, बारा आणि त्याहून अधिक अंक

अंक वाढले की भागण्याआधी संख्येची ठेवण पाहावी. ऐरोलीची संख्या दोनदा लागून लिहिली तर ४००७०८४००७०८ मिळते, म्हणजे ४०,०७० कोटी ८४ लाख ७०८. ही भीतिदायक दिसते, पण ती ४००७०८ × १०,००,००१ एवढीच आहे, आणि १०,००,००१ = १०१ × ९९०१. ९९०१ ची मर्यादा ९९ असल्याने पहिल्या पानावरील यादीच पुरते, आणि ती मूळ ठरते. म्हणून विभाजक २४ × २ × २ = ९६.

आठ अंकी ३,६१,०८,०७७ घ्या. लहान मूळ संख्यांनी ती अजिबात तुटत नाही आणि वर्गमुळापर्यंत जायचे तर साडेसातशेहून अधिक भागाकार करावे लागतील. त्याऐवजी वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यावी : ६००९² = ३,६१,०८,०८१. वजाबाकी ४, म्हणजे २². म्हणून संख्या (६००९ − २) × (६००९ + २) = ६००७ × ६०११. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तर ही रीत लगेच फळते, आणि दूर असतील तर ती भागत जाण्यापेक्षाही संथ होते. म्हणून पाच-दहा पायऱ्या करून पाहाव्यात आणि मग सोडावी.

संगणक वापरणाऱ्यांसाठी तीन सूचना. एक्सेलसारख्या तक्त्यात १५ अंकांपर्यंतच संख्या अचूक राहते, सोळावा अंक शून्य होतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. पायथन या संगणकभाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण एका तिरक्या रेघेने भागल्यास उत्तर दशांशात येते आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या, म्हणजे २ च्या ५३ व्या घाताच्या, पुढे सलग पूर्ण संख्या अचूक साठत नाहीत. म्हणून दुहेरी तिरकी रेघ (//) आणि बाकी देणारे चिन्ह (%) हीच वापरावीत, आणि वर्गमुळासाठी पूर्णांक वर्गमूळ देणारे फंक्शन घ्यावे. तिसरी सूचना : यंत्राने दिलेले अवयव वहीत उतरवल्यावर चौथ्या टप्प्यातील पडताळणी हाताने करावी, कारण उतरवताना होणारी अंकांची अदलाबदल यंत्राला दिसत नाही.